दादाच्या बॉक्सला दुसरं तोंड

आमच्या सोफ्यासमोर भिंत आहे. भिंत सगळ्यांच्याच सोफ्यासमोर असते, पण इतरांच्या भिंतीवर टीव्ही असतो. आमच्याही आहे, फक्त तो पलीकडच्या अंगाला आहे. त्याचं तोंड दादाकडे, पाठ आमच्याकडे आणि मधे एक वीट.

हे असं का झालं ते मी थोडक्यातच सांगतो, कारण लांबण लावली की आमची ही आतून म्हणते, "झालं, निघाली बैलगाडी." घराला रंग द्यायचा होता. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, फिका पिवळा हवा होता, मला फिका निळा. नोकरीत असतो तर हा वाद एका रविवारात मिटला असता, पण आम्ही दोघंही निवृत्त आणि दोघांकडेही वेळच वेळ. कंटाळून रंगाऱ्यानं अर्धं घर पिवळं केलं, अर्धं निळं केलं आणि शिडी खांद्यावर टाकून तो निघून गेला. जिथे दोन रंग भेटले तिथेच पुढे भिंत आली. दादा भूमापन खात्यातला, त्यामुळे भिंत अगदी मधोमध आली, रेसभरही इकडे नाही की तिकडे नाही. हॉलच्या वाटणीत टीव्ही त्याच्याकडे गेला, कारण प्लग त्याच्या बाजूला होता. सोफा माझ्याकडे आला, कारण तो त्याच्या दारातून आत जाईना. बोलणं बंद झालं ते तेव्हापासून.

आमचं दोघांचं बंद झालं, बायकांचं नाही. वहिनी आणि ही मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना जशा बोलायच्या तशाच बोलत राहिल्या. "भांडण तुमचं आहे ना? मग तुम्हीच करा," ही मला म्हणाली, "आम्हाला कामं असतात."

मला वाटलं होतं, शांतता मिळेल. दादाबरोबर मॅच बघणं म्हणजे काय असतं ते ज्यानं अनुभवलं त्यालाच माहीत. तो मॅच बघत नाही, चालवतो. क्षेत्ररक्षकांना हातानं मागे सरकवतो, गोलंदाजाला सल्ला देतो, आणि सल्ला मानला नाही की "अरे गाढवा!" म्हणून ओरडतो. इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून मला नुसत्या स्वरावरून कळायचं, की हा गाढव मैदानावरचा आहे की मी. कित्येकदा मी वैतागून उठून गेलो आहे. आता पलीकडून भिंतीतून दबका आवाज यायचा, मधूनच टाळ्या, आणि मग दादाचं "अरे गाढवा!" मी सोफ्यावर ताठ होऊन बसायचो. कोण गाढव? कशासाठी? झेल सुटला की धाव चुकली? समोर नुसती निळी भिंत. एकदा तर मी सवयीनं म्हणून गेलो, "मी नाही काही केलं!" ही आतून बघायला आली.

त्या संध्याकाळी मी ठरवलं, आपण टीव्ही घ्यायचा.

टीव्ही घेतला. दादाच्या टीव्हीपेक्षा एक बोटभर मोठाच घेतला, हे मुद्दाम सांगायला नको. तो त्याच भिंतीवर, बरोबर त्याच जागी, दादाच्या टीव्हीच्या पाठीला पाठ लावून टांगला. गल्लीतली माणसं खोका बघून अभिनंदन करून गेली. मी रिमोट हातात घेऊन ऐटीत बसलो आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: सिग्नल नाही.

टीव्ही हा नुसता डबा असतो आणि चित्रं कुणीतरी पाठवावी लागतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमच्या घरात ती चित्रं आणण्याचं खातं नेहमी दादाकडे असायचं. डिशची छत्री गच्चीवर बसवून घेणं, बॉक्स आणणं, कंपनीशी फोनवर भांडणं, सगळं तोच करायचा. माझ्याकडे फक्त बघण्याचं खातं होतं.

मी कंपनीच्या कचेरीत गेलो. मी स्वतः पाणीपुरवठ्यात हेडक्लार्क होतो, त्यामुळे खिडकीच्या आतल्या माणसाशी कसं बोलायचं हे मला कुणी शिकवायला नको. नम्र राहायचं, पण आपणही एकेकाळी आतच बसत होतो हे त्याला जाणवू द्यायचं. खिडकीत एक बाई होत्या. त्यांना काहीच जाणवलं नाही.

"या घर क्रमांकावर कनेक्शन आहे," त्या संगणकाकडे बघत म्हणाल्या.

"ते माझ्या भावाचं. मला वेगळं हवंय."

"घर क्रमांक वेगळा आहे?"

"भिंत वेगळी आहे."

"भिंत आमच्याकडे दिसत नाही. एका क्रमांकावर दुसरं कनेक्शन हवं असेल तर आधीच्या ग्राहकाची ना-हरकत सही लागते."

"अहो, तो माझा सख्खा भाऊ आहे."

"मग तर सोपंच आहे."

"आम्ही बोलत नाही."

बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "बोलायची गरज नाही, काका. सहीच हवी आहे."

नोकरीत मी स्वतः किती जणांना अशाच गोड आवाजात परत पाठवलं असेल, पण मी कुणाला 'काका' म्हटलं नव्हतं. मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि घरी आल्यावर त्यावर गरम पातेलं ठेवलं.

आता समोरच्या घरातल्या वायरकाकांबद्दल सांगायला हवं. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि वायर नावाच्या वस्तूवर जगात आपल्याएवढा कुणाचाच अधिकार नाही अशी त्यांची ठाम समजूत. त्यांच्या मते सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच: अर्थिंग. दिवा गेला, अर्थिंग. पंपाला पाणी चढेना, अर्थिंग. एकदा गुडघेदुखीबद्दलही ते हा शब्द बोलून गेले होते. खोका बघून ते आलेच.

"सही कशाला मागतोस त्याच्याकडे? हवेत चित्रं फुकट हिंडताहेत. एक अँटेना उभा कर."

आम्ही अँटेना घेऊन गच्चीवर चढलो. गच्चीचीही वाटणी झालेली, मधे विटांची एक ओळ. वायरकाका अँटेना धरून माझ्या निळ्या अर्ध्यात फिरत राहिले, मी खाली टीव्हीसमोर येऊन ओरडत राहिलो, "काही नाही! काही नाही! अजून काही नाही!" मग एकदम पडद्यावर एक माणूस उमटला, स्वच्छ, हसरा. मी आनंदानं ओरडलो, "आला! तिथेच थांबा!" बाहेर येऊन बघतो तर वायरकाका विटांच्या ओळीपलीकडे, दादाच्या अर्ध्यात उभे. आमच्या बाजूला चित्र येतच नव्हतं. शेवटी अँटेनाची काठी आमच्या बाजूला रोवून तिचा शेंडा तिकडे वाकवला, तर तो हसरा माणूस अर्धा आला. तेवढा एकच चॅनल लागला, आणि तो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत तळ्यात मासे कसे वाढवावेत ते शिकवत होता. हिनं ते दोन दिवस बघितलं. मग म्हणाली, "आता मला मासे पाळता येतील. पुढे काय?"

पुढे स्प्लिटर.

तो शब्द वायरकाकांनीच आणला. "तुझ्या भावाकडे बॉक्स आहे," ते आवाज खाली आणून म्हणाले, "त्या बॉक्समधून वायर निघते ती त्याच्या टीव्हीत जाते. बरोबर? आपण मधे एक डबी बसवायची. डबीत वायर एक जाते, बाहेर दोन येतात. एक त्याला, एक तुला. त्याचं काही कमी होत नाही."

"पण ही चोरी नाही का?"

"चोरी? दिव्याचा उजेड खिडकीतून रस्त्यावर पडतो, त्याला चोरी म्हणतात का?"

हे मला पटलं. पटायचंच होतं. खरं तर पटलं नसतं तरी मी केलं असतं, कारण आदल्याच संध्याकाळी पलीकडून दादा इतक्या मोठ्यानं हसला होता की आमच्या मांडणीतले पेले वाजले. त्याचं ते हसणं मी घरात भिंत आल्यापासून ऐकलं नव्हतं. आणि तो कशाला हसला ते मला कळलं नव्हतं. मी रात्री जेवतानाही तोच विचार करत होतो. भाऊ हसला, आणि आपल्याला कारण माहीत नाही.

वहिनीला विचारण्याचं काम हिनं केलं, मागच्या अंगणात, दोन चादरींच्या मधे. वहिनीनं एका वाक्यात मंजुरी दिली: "हे संध्याकाळी फिरायला गेले की या म्हणावं भावजींना."

दुकानदारानं मला ती डबी दाखवली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी, एका बाजूला एक तोंड, दुसऱ्या बाजूला दोन, आणि वर एक बारीक निळा दिवा. सोबत एचडीएमआयच्या वायरी, आणि डबीला वेगळी वीज लागते म्हणून तिचा छोटा प्लग. मी ते सगळं कापडी पिशवीत घालून, वर भाजी ठेवून घरी आणलं.

संध्याकाळी दादाच्या चपलांचा आवाज फाटकाबाहेर गेला आणि मी आणि वायरकाका त्याच्या दारातून आत शिरलो. मी त्या दारातून किती दिवसांनी जात होतो ते मोजत बसलो नाही, पण उंबऱ्यावर माझा पाय अडखळला. अर्धा हॉल. त्यात सोफा नाही म्हणून टीव्हीसमोर एक वेताची खुर्ची, आणि तिच्या शेजारी, अगदी तशीच, दुसरी. वहिनी म्हणाली, "मी बसत नाही हं तिथं. माझी पाठ दुखते." खुर्चीवर धूळ नव्हती एवढं मी बघितलं.

वायरकाकांनी ड्रिल काढलं. बेत असा होता, की टीव्हीच्या मागे, कुणाला दिसणार नाही असं, वायर जाईल एवढं बारीक भोक पाडायचं. वायरकाकांनी भिंतीला ड्रिल लावलं, अंगाचा भार दिला, आणि अर्धी वीट सुटून पलीकडे आमच्या सोफ्यावर पडली. इकडे गिलाव्याचा पोपडा सुटून थेट दादाच्या वेताच्या खुर्चीत बसला.

"भिंतच कच्ची बांधलीय," वायरकाका म्हणाले. "यात अर्थिंग कसं राहणार?"

वायर ओढली, डबी बॉक्सच्या मागे सरकवली, प्लग खोचला, निळा दिवा लागला. भोकातून ही ओरडली, "आलं, आलं! चित्र आलं!" आणि नेमक्या त्याच वेळी फाटक वाजलं.

दादा चष्मा विसरला होता. वायरकाका मागच्या दारानं निघून गेले, त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगानं. मला ते जमलं नाही. पाणीपुरवठ्याचा निवृत्त हेडक्लार्क, ज्याच्या निरोपसमारंभाला खुद्द कार्यकारी अभियंता दोन शब्द बोलले होते, तो आपल्याच वडिलांच्या घरात पडद्यामागे पोट आत ओढून उभा राहिला. पडदा आखूड होता. खालून माझे पाय दिसत असणार, पण दादाला चष्म्याशिवाय पाय आणि पायपुसणं यांतला फरक कळत नाही, याच एका गोष्टीवर माझी अब्रू टिकून होती.

"हे काय सांडलंय?" दादाचा आवाज आला. इतका जवळून.

"भिंत जरा शिंकली," वहिनी म्हणाली.

"नवी भिंत, आणि इतक्यात?"

"तुम्हीच बांधून घेतलीत."

दादा पाणी प्यायला, घोट घेताना घशात होणारा तो लहानपणापासूनचा 'गुडुक' असा आवाज आला, आणि मला पडद्यामागे उगीचच भरून आलं. मग चष्मा घेऊन तो गेला. वहिनीनं खुर्ची झटकली आणि टीव्हीच्या कडेनं दिसणाऱ्या भोकावर कॅलेंडर सरकवलं.

त्यानंतरचे दिवस माझ्या निवृत्तीतले सगळ्यात चांगले दिवस. बाहेरून बघणाऱ्याला तसं वाटलं नसतं, कारण माझ्या भिंतीवर एवढा मोठा टीव्ही आणि त्याचा रिमोट दादाच्या हातात. तो जे लावेल ते मी बघायचं. त्याला जाहिरात सहन होत नाही, लगेच चॅनल बदलतो, आणि मग परत यायला विसरतो. रहस्यपटात शेवटी दार उघडून खुनी आत येतो, आणि दादा बातम्या लावतो. मी सोफ्यावर हात चोळत बसायचो. भांडायचं कुणाशी? चोरट्याला तक्रार करण्याचा हक्क कसला?

हिला तिची मालिका हवी असायची. तिनं त्यावर मार्ग काढला होता. ती मागच्या अंगणात जाऊन हाक मारायची, वहिनी दादाला काहीतरी आणायला पाठवायची, आणि रिमोट ताब्यात घ्यायची. दोन्ही घरांत मालिका सुरू. दादा परत आला की "हे काय लावलंयस?" आणि मालिका बंद. या पद्धतीनं दादाच्या घरात आगपेट्यांचा मोठा साठा झाला.

पण मला हळूहळू दादा दिसायला लागला. सकाळी बातम्या, त्याही दोन वेगवेगळ्या चॅनलवर त्याच, जणू दुसरीकडे काही बरं निघेल. दुपारी, कुणाचा विश्वास बसणार नाही, स्वयंपाकाचा कार्यक्रम. ज्या माणसानं जन्मात कप विसळला नाही तो एका बाईला कणीक तिंबताना पूर्ण बघायचा, चॅनल न बदलता, जाहिरातींसकट. आई गेल्यावर तिच्या हातच्या गोष्टी कुणाला विचारून घ्यायच्या राहिल्या, असं तो एकदा म्हणाला होता. त्याची मला आठवण झाली. मग चित्र एका ठिकाणी थांबायचं. चॅनलांची यादी नुसती पडद्यावर उभी. म्हणजे दादाला डुलकी लागली. मीही मग मान टेकायचो.

सगळ्यात कठीण होतं हसणं. विनोदी काहीतरी लागलं की तो पलीकडे हसायचा आणि त्याच क्षणी मला इकडे हसू यायचं. पण मी हसलो की त्याला ऐकू जाणार आणि डबी उघडी पडणार. मग मी उशी तोंडावर दाबून धरायचो.

"हसा की सरळ," ही म्हणाली, "आपल्याच घरात हसायची चोरी?"

"हळू बोल."

"हळू बोलायचीही चोरी?"

पण मी ती उशी सोडली नाही. उशीत तोंड घालून हसणारा मी आणि भिंतीपलीकडे मोकळेपणानं हसणारा दादा, एकाच गोष्टीला, एकाच क्षणी. मला एवढं पुरत होतं. कदाचित पुरत नव्हतं, पण मी पुरवून घेत होतो.

मग डबीनं दगा दिला. म्हणजे ती पहिल्यापासूनच देत होती, आम्हाला कळत नव्हतं. मी माझा टीव्ही चालू किंवा बंद केला की दादाचं चित्र जायचं आणि थोड्या वेळानं परत यायचं. दोन टीव्ही एका डबीवर असले की एकानं डोळा मिटला तरी दुसऱ्याची पापणी लवते म्हणे. आम्हाला हे वहिनीकडून कळलं: "हे वैतागलेत. मधेच अंधार होतो म्हणतात. कंपनीला फोन केलाय."

मी टीव्ही बंद करणंच सोडलं. आंघोळीला जाताना चालू, बाजारात जाताना चालू. हिचं डोकं दुखायला लागलं आणि तिनं एके दिवशी बटण बंद केलं. पलीकडून दादाची गर्जना ऐकू आली.

कंपनीचा माणूस आला. मी भिंतीला कान लावून बसलो. त्यानं गच्चीवर जाऊन छत्री हलवली, नाही जमलं. बॉक्स बदलला, नाही जमलं. मग त्यानं समोरच्या झाडाला दोष दिला. वायरकाका रस्त्यावरून म्हणाले, "अर्थिंग बघा," आणि मी मनातल्या मनात त्यांचं तोंड बांधलं. पुन्हा एकदा तो आला. या वेळी त्यानं टीव्ही भिंतीवरून उचलून बाजूला धरला असावा, कारण त्याचा आवाज एकदम स्वच्छ माझ्या कानात शिरला.

"साहेब, तुमच्या बॉक्सची एक वायर भिंतीत गेलीय."

वहिनी "मी दूध बघून येते" म्हणाली, तेवढंच ऐकलं.

मग माझा टीव्ही हलला. आधी जरासा, मग जोरात. दादा वायर ओढून बघत होता. मी धावत जाऊन टीव्हीला दोन्ही हातांनी मिठी मारली. त्यानं अजून ओढलं. टीव्ही खिळ्यावरून सुटणार म्हणून मी मागे हात घालून वायर धरली आणि इकडून ओढली. पलीकडे ओढ थांबली. मग पुन्हा एकदा आली, पण आता ती हिसक्याची नव्हती. बारीकशी. कोण आहे तिकडे, असं विचारल्यासारखी. मी उत्तर द्यावं म्हणून हलकेच ओढलं. दोन म्हातारे भिंतीच्या दोन बाजूंना वायर धरून उभे. मला तेव्हा काय बोलावं ते सुचत होतं, सगळंच सुचत होतं, पण तोंडाशी आलं ते "दादा" एवढंच. आणि तेही तोंडातच राहिलं, कारण तेवढ्यात वायर सैल झाली. त्यानं सोडली होती.

"राहू दे," तो कंपनीच्या माणसाला म्हणाला. आणि पुढे काहीतरी हळू आवाजात, जे मला ऐकू आलं नाही.

पुढचे काही दिवस चित्र येत राहिलं. दादा स्वयंपाकाचा कार्यक्रम मात्र लावीना. आपल्याकडे कुणी बघतंय हे कळल्यावर माणूस जसा सावरून बसतो, तसा त्याचा टीव्ही सावरून बसला होता.

आणि मग एका सकाळी कंपनीचा माणूस माझ्या दारात. हातात नवा बॉक्स.

"तुमचं कनेक्शन मंजूर झालं."

"मी अर्ज केलेला नाही."

"शेजारच्या साहेबांनी केलाय. ना-हरकत सही दिलीय. हा नव्या जातीचा आहे, छत्री लागत नाही, इंटरनेटवर चालतो. त्यांच्याकडचा जुन्याच जातीचा, तुमच्याकडे नवा. त्यांनीच सांगितलं, नवा द्या म्हणून."

"अजून काय म्हणाला?"

तो वायर सोलता सोलता आठवू लागला. "म्हणाले, त्याला त्याचं त्याचं बघू दे."

"कसं म्हणाला?"

"म्हणजे?"

"रागानं म्हणाला, की... कसं म्हणाला?"

"साहेब, मला अजून चार घरं आहेत."

त्याला त्याचं त्याचं बघू दे. मी ते वाक्य दिवसभर निरनिराळ्या स्वरांत म्हणून बघितलं. हात झटकल्यासारखं म्हणून बघितलं. धाकट्याला पतंगाची दोरी हातात देतानाच्या स्वरात म्हणून बघितलं. दोन्हीत बरोबर बसत होतं. हीसुद्धा वैतागून म्हणाली, "अहो, जाऊन विचारा ना!" मी म्हणालो, "काय विचारू?"

डबी निघाली, वायर निघाली, भोक दोन्ही बाजूंनी बुजलं. माझ्याकडे मोजता येणार नाहीत एवढे चॅनल आले आणि माझा स्वतःचा रिमोट आला. हिची मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत निर्विघ्न चालू लागली, आणि मला ती कंटाळवाणी वाटू लागली. मी रहस्यपटाचा शेवट पूर्ण बघितला. खुनी दारातून आला आणि पकडला गेला. त्यात एवढं काही नव्हतं. दुपारी मी स्वयंपाकाचा कार्यक्रम लावून बसायचो आणि विचार करायचो, दादा आता बघत असेल का? मग मी चॅनल बदलायचो, जाहिरात लागली म्हणून. आणि परत यायला विसरायचो.

स्पर्धेतली शेवटची मॅच होती, त्या संध्याकाळची गोष्ट. ही आत कपड्यांना इस्त्री करत होती. मॅच इतकी रंगली होती की गल्लीत कुणी दिसत नव्हतं. मी सोफ्याच्या काठावर. शेवटचा चेंडू उरला होता, गोलंदाज चेंडू पँटला घासत धाव घेण्याच्या जागेकडे निघाला होता, आणि भिंतीपलीकडून दादा ओरडला:

"गेला! अरे, गेला!"

मी पडद्याकडे बघितलं. गोलंदाज अजून चालतच होता. मला काही समजेना. नव्या बॉक्समध्ये चित्र जरा उशिरा येतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळत होतं, की दादाला जे घडून गेलं ते माझ्याकडे अजून घडायचं होतं. आणि गेला म्हणजे कोण गेला? चेंडू सीमेपार गेला की फलंदाज गेला? आपण जिंकलो की हरलो? त्या 'गेला'मध्ये आनंद होता की दुःख, ते मला ओळखता येईना. जो माणूस स्वरावरून गाढव ओळखायचा, त्याला 'गेला' ओळखता येईना. मला ते सहन झालं नाही.

"कोण गेला?" मी भिंतीकडे तोंड करून ओरडलो.

आत इस्त्री थांबली. पलीकडेही आवाज थांबला, टीव्हीसुद्धा एकदम बारीक झाला. मी जीभ चावली. मग वेताची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, मग पावलं, आणि मग भिंतीच्या अगदी जवळून, तोंड टेकवल्यासारखा, दादाचा आवाज:

"थांब जरा. येतंय तुझ्याकडे."

मी टीव्हीकडे बघायचं विसरून भिंतीलाच हात टेकून उभा राहिलो.

"आलं का?" त्यानं विचारलं.

"नाही अजून."

"थांब. मी थांबलोय."

पडद्यावर गोलंदाज नुकता धावायला लागला होता.